एकटीनं उभी करायची डोलकाठी

मला पोळ्याच्या दिवसांतला वारा आवडत नाही. स्पष्टच सांगते. बाकी सगळं नागपूर त्या दिवसांत खूश असतं. पाऊस दमलेला असतो, ऊन-सावली चालू असते, रस्त्याच्या कडेला तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल विकायला मांडलेले असतात, जुन्या महाल भागात मारबतीच्या मिरवणुकीची तयारी चाललेली असते, आणि दुपार कलली की पश्चिमेकडून एक सरळ, गारसर वारा सुटतो. शेजारच्या वहिनी गच्चीवर येतात आणि म्हणतात, "काय मस्त हवा सुटून राहिली ना वं?" मी म्हणते, हो ना. आणि वाळलेले कपडे गोळा करून खाली निघून येते.

त्यांना काय सांगणार, कप्पाळ? की हा वारा माझ्या ओळखीचा आहे, तो कोणत्या गालावर लागला म्हणजे शीड किती सैल सोडायचं हे मला अजून कळतं, आणि कळून काही उपयोग नाही. आमचं घर सक्करदऱ्याला. तळं गल्लीच्या टोकाशी. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई मोठ्या कौतुकानं म्हणाल्या होत्या, "तुले पाण्याची आवड आहे म्हणे. हे पाह्य, तळं किती जवळ आहे!" जवळच आहे. इतकी वर्षं त्याच्या काठाकाठानं मी भाजी आणते आहे.

बाबांचं पाणी नागपूरजवळच्या कोराडीचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. बाबा तिथल्या वीजघरात इंजिनिअर होते आणि आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायचो. कोराडी म्हटलं की लोकांना जगदंबेचं देऊळ आठवतं, मला राख आठवते. चिमणीतून निघालेली राख सगळ्यांवर सारखी पडायची. पापडांवर, साड्यांवर, तुळशीवर, साहेबाच्या गाडीवर आणि आमच्या सायकलीवर. आई सकाळी उठून आधी तुळस धुवायची आणि मग तिला पाणी घालायची. कोळशाचे ट्रक गेले की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. शहरात जाणारी बस पकडायला निघालं तर पांढरी ओढणी घ्यायची सोय नव्हती. अशा ठिकाणी आमच्या बाबांनी शिडाची बोट बांधली.

लग्नाआधी काही वर्षं बाबा मुंबईच्या गोदीत नोकरीला होते. तिथे कुणीतरी त्यांना एकदा शिडाच्या होडीत बसवलं आणि वेड लागलं ते लागलंच. नागपूरकडे आले, संसार झाला, दोन मुलं झाली, तरी ते डोक्यातून जाईना. शेवटी एका जुन्या मासिकातला नकाशा बघून त्यांनी व्हरांड्यातच काम सुरू केलं. घरभर प्लायवुडचा भुसा. वार्निशचा वास तर असा की आई म्हणायची, "वरणाले बी आता वार्निश लागून राहिलं." शीड शिवायला महालातल्या एका मंडपवाल्या शिंप्याकडे कापड दिलं. तो त्रिकोणी मापं बघून चक्रावला आणि बाबांना विचारू लागला, "साहेब, लग्न कवाचं आहे? अन् पाहुणे कोपऱ्यात कसे बसतीन?" कॉलनीतले लोक येता-जाता विचारायचे, "काय साहेब, समुद्र कवा येऊन राहिला कोराडीले?" बाबा हसायचे. त्यांना त्या थट्टेचं काही वाटत नसे. ते दिवस चांगले होते, याबद्दल मला खोटं बोलता यायचं नाही.

बोट लहानशीच झाली. दोघं ऐसपैस, तिसरा अंग चोरून. तिच्यासाठी जुन्या जीपच्या चाकांवर एक ट्रेलर केला आणि तळ्याकाठी पंपहाऊसच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये तिची सोय लावली. उतारावरून ट्रेलर हळूहळू खाली सोडायचा, बोट पाण्यात घालायची आणि येताना हातानं फिरवायच्या रहाटानं पुन्हा वर ओढून घ्यायची. आईनं जगदंबेचं नाव घेऊन नारळ फोडला आणि ती स्वतः मात्र जन्मात कधी तीत बसली नाही.

एकच अडचण होती. शेड आणि पाणी यांच्या मधून विजेच्या तारा गेल्या होत्या. वीजघराची वसाहत ती, तिथे आकाशात तारांखेरीज दुसरं काय असणार? डोलकाठी उभी ठेवून बोट खाली नेणं म्हणजे मरणाला हाक मारणं. म्हणून काठी आडवी ठेवूनच तारांखालून जायचं आणि काठावर पोचल्यावर ती उभी करायची. येताना पुन्हा आडवी. काठी तिच्या बुडाशी बिजागरीवर होती, तिला दोन्ही बाजूंनी दोन तारा होत्या आणि एक तार माथ्यापासून बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला यायची. इंग्रजीत तिला फोरस्टे म्हणतात; आमच्या घरात सगळी विजेच्या खांबांची भाषा, म्हणून आम्ही तिला पुढचा ताण म्हणायचो. हा पुढचा ताण काठीला मागे पडू देत नाही. तो बोल्टात अडकवेपर्यंत एकानं काठी खांद्यानं रेटून धरायची, दुसऱ्यानं पुढून तार ओढायची, तिसऱ्यानं बोल्ट घालायचा. म्हणजे तीन माणसं. तिघं जमली तर बोट, नाहीतर शेड.

मला शीड बाबांनी शिकवलं. सुधीरदादा शहरात इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर होता, मग उरलं कोण? तिसरा माणूस म्हणून पंपहाऊसवर जो कोणी ड्यूटीला असेल त्याला हाक मारायची आणि निघायचं. पहिल्यांदा शीड नीट भरलं तेव्हाचं मला अजून आठवतं. इतका वेळ बोटीच्या पोटावर थपथप करणारं पाणी एकाएकी सुर्र करून मागे सरकायला लागलं. काठीवरच्या तारा गुणगुणल्या. पायाखालची फळी तिरपी झाली आणि मी ओरडले. बाबा म्हणाले, "घाबरून नाही राहायचं. ती काय म्हणून राहिली ते हाताले ऐकू येते." आणि सुकाणू माझ्या हातात देऊन ते पुढे जाऊन बसले.

घरात बाबा फार बोलायचे नाहीत. पाणी दे, बनियन कुठे आहे, दार लाव, एवढंच. पाण्यावर ते माझ्याशी माणसाशी बोलावं तसं बोलायचे. "तुले काय वाटते, वळवायची का आता?" असं मला जन्मात दुसऱ्या कुणी विचारलेलं नव्हतं. मला काय वाटतं, हे! मी विचार करून उत्तर द्यायची आणि ते मान डोलवायचे. काठावर उतरलो की पुन्हा, दार लाव.

बीएस्सी झालं, मी घरी बसले. स्थळं बघणं सुरू झालं. त्याच वर्षी बाबांच्या पाळ्या बदलल्या, वीजघरात नवीन काम निघालं आणि बोट शेडमध्ये पडून राहिली. श्रावण सरत आला होता. तळं काठोकाठ भरलेलं, पश्चिमेचा वारा रोज ठरल्यासारखा यायचा आणि मी व्हरांड्यात बसून मेथी निवडायची. एक दिवस जेवताना मी म्हणाले, "बाबा, मी एकटी नेते ना बोट."

आई म्हणाली, "ऐका! पाहाले आले पाहुणे तर काय सांगू, पोरगी बोट हाकाले गेली?"

बाबा मात्र रागावले नाहीत. भात कालवता कालवता म्हणाले, "मले काही नाही. पण काठी कोण उभी करन? तीन माणसं लागतात. ज्या दिवशी तू एकटीनं काठी उभी करशीन, त्या दिवशी एकटी ने. जाय."

"शब्द?"

"हो, शब्द. जाय."

ते गमतीनं बोलले असतील. मी गमतीनं घेतलं नाही.

कॉलनीत तेव्हा नवे खांब उभे करत होते. लाइनमन लोक दोन लाकडी बल्ल्या वरच्या टोकाशी बांधून कैची करायचे आणि तिच्यावरून दोर ओढून खांब उचलायचे, हे मी लहानपणापासून बघत आले होते. आमच्या काठीची अडचण तीच होती. ती आडवी असताना तार पुढून ओढली तर काठी उठत नाही, नुसती पुढे बिजागरीवर रेटली जाते. तारेला ओढायला उंची मिळायला हवी. म्हणून मी वायरिंगच्या दोन पाइपांची छोटी कैची केली आणि ती बोटीच्या पुढच्या भागात, काठीबरोबर वळेल अशी बसवली. पुढचा ताण कैचीच्या माथ्यावरून घेतला, टोकाशी एक चक्री लावून तिच्यावरून मागे वळवला आणि बसायच्या जागेपाशी एका छोट्या हाताच्या रहाटाला बांधला. बसल्या जागी रहाट फिरवला की काठी उभी, उलटा सोडला की आडवी. चक्री आणि पट्ट्या गावातल्या लोहाराकडून करून घेतल्या. तो म्हणाला, "बाई, हे काहून पाहिजे, तुमच्याकडे विहीर तर नाही." मी म्हटलं, तळं आहे. ओढणीला तेलाचे डाग पडले, नखं काळी झाली. आई म्हणायची, "हात लपव वं, बघाले येणाऱ्यासमोर."

वाद झाला तो तारेवरून. आमच्या घरात जे काही बांधायचं ते खांबाच्या तारेनं. खांबाला जो ताण देतात त्या जाड, कडक तारेची उरलेली टोकं भंगारात यायची आणि तिथून कॉलनीभर जायची. कपड्यांची दोरी तीच, मच्छरदाणी तिलाच, गेट तिनंच बांधलेलं. बाबांचा त्या तारेवर जीव. त्यांनी पुढच्या ताणासाठी तीच आणून दिली.

मी म्हटलं, "बाबा, ही वाकत नाही. हिच्यात सात जाड काड्या आहेत नुसत्या. इथं ती चक्रीवरून वळणार, दरवेळी. बारीक काड्यांची मऊ तार पाहिजे, क्रेनला असते तशी."

"अवं, वादळात खांब धरून राहते ही! तुही काठी म्हणजे काय, उंदराची शेपटी."

"खांब एकदा उभा केला की उभाच असतो, बाबा. त्याला रोज कोण झोपवते?"

"मले नको शिकवू. आयुष्य गेलं माह्यं तारांत."

वीजघराच्या माणसाला तार म्हणजे न हलणारी गोष्ट. ती ताणून एकदा बांधली की झालं. समुद्रावरचा कोणीही माणूस ही चूक करायचा नाही, मोटेचा दोर रोज चाकावरून ओढणारा शेतकरीही करायचा नाही. ही चूक आमच्या कॉलनीतच व्हायची. मी बरंच भांडले आणि हरले. त्या घरात वादात हरायचं खातं माझ्याकडेच होतं.

पोळा झाला, त्यानंतरच्या आठवड्यात मी बाबांना शेडपाशी घेऊन गेले. पहिली पाळी संपवून ते तसेच आले होते, खाकी कपड्यांत. मी ट्रेलर उतारावर सोडला, तारांखालून बोट काढली, पाण्यात घातली. मग आत बसून रहाट फिरवायला सुरुवात केली. कैची पुढे झुकली, तार ताठ झाली आणि काठी उठायला लागली. आधी हातभर, मग अर्धी, मध्ये एकदा डगमगली, मग सरळ, सरळ, आणि बाजूच्या दोन्ही तारा टण्णकन ताठ झाल्या. उभी! मी एकटीनं. मी अशी काही हसले की पंपहाऊसवरचा माणूस बाहेर येऊन बघायला लागला. 

बाबा म्हणाले, "वा!" बोटीभोवती फिरले. चक्रीला हात लावून बघितला, कैचीचे बोल्ट हलवून बघितले. आणखी एकदा म्हणाले, "वा, वं पोरी."

"मग जाऊ?"

"आज आभाळ भरून राहिलं."

आभाळ निळं होतं. दुसऱ्या दिवशी वाऱ्याला जोर होता. तिसऱ्या दिवशी, आईले विचार. त्यानंतर, रविवारी मोठे साहेब येऊन राहिले बोट पाहाले, ते एकदा होऊन जाऊ दे, मग ने. मी थांबले. बाबांचा शब्द होता ना.

रविवारी साहेब आले, बाईसाहेब आल्या. दादा होस्टेलवरून आला होता. तळ्याकाठी खुर्च्या मांडल्या होत्या आणि मी घरून तर्री-पोह्यांचा ट्रे घेऊन आले तेव्हा दादा बोटीत बसून रहाट फिरवत होता. काठी उभी राहिली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "अरे वा! हे डोकं कोणाचं?"

बाबा म्हणाले, "आमच्या सुधीरचं. फायनलला आहे यंदा."

मी तिथेच होते. ट्रे हातात होता. दादानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग रहाटाचा दांडा उगाच घट्ट करत बसला. बाईसाहेब मला म्हणाल्या, "पोहे छान झालेत हं, तू केलेस?" म्हटलं, हो, पोहे मी केले.

दादाला नंतर गाठलं. तो म्हणाला, "मी काय करू वं? साहेबांसमोर बाबाले खोटं पाडू काय? तुले काय फरक पडते, आपल्या घरातच तर आहे." फरक काय पडतो! वर्षानुवर्षं हा प्रश्न मला लोकांनी इतक्या गोड आवाजात विचारला आहे की कधी कधी मलाच वाटायला लागतं, खरंच, काय फरक पडतो? मग हा वारा सुटतो.

कॉलनीत त्या कैचीचं नाव पडलं सुधीरची कैची. लोक मुद्दाम बघायला यायचे. रोज काठी चार वेळा उभी व्हायची, चार वेळा झोपायची, कोणीही यावं आणि रहाट फिरवावा. मी सोडून सगळे बोटीत बसून आले. मी बाबांना विचारायचे, कधी? बाबा म्हणायचे, "होईन ना. तळं का पळून चाललं?" पण तिकडे घरात स्थळांच्या पत्रिका जमत होत्या, आणि तळं नाही पळालं तरी मला न्यायला माणसं येणारच होती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

दसऱ्याच्या आधीची एक दुपार. बाबा आणि दादा दोघं पाण्यावर गेले होते, मी पंपहाऊसच्या पायऱ्यांवर बसले होते. वारा चांगला होता. ते तळ्याच्या मध्यावर वाऱ्याच्या तोंडावर चालले होते, बोट कललेली, शीड पोटभर फुगलेलं, आणि हेवा वाटावा इतकी ती सुंदर दिसत होती. तेवढ्यात चाबूक ओढावा तसा आवाज आला आणि काठी मागे कोसळली. शीड त्या दोघांच्या अंगावर पांघरूण पडावं तसं पडलं. मी ओरडत पाण्यात कमरेपर्यंत गेले. शीड हललं, बाबांचं डोकं बाहेर आलं, मग दादाचं. दादा खांदा धरून कळवळत होता.

हासळीचं हाड मोडलं होतं. जिवावरचं हाडावर निभावलं म्हणून आईनं जगदंबेला ओटी बोलली, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यातच माझ्याकडे वळून म्हणाली, "तुले कोणी सांगतलं होतं त्याच्यात हात घालाले? सरळ तीन माणसं लागत होती, काय वाईट होतं?"

संध्याकाळी साहेब चौकशीला आले. त्यांनी विचारलं, "कसं काय झालं हो?" बाबा म्हणाले, "काय सांगू साहेब, पोरीनं काहीतरी खटपट करून ठेवली होती." साहेब हसले. "मुलींना कशाला असल्या भानगडीत पडू देता?" मी आत चहा गाळत होते. एका दुपारीत ती कैची सुधीरची होती ती माझी झाली. उभी होती तेव्हा त्याची, पडली तेव्हा माझी! दुसऱ्या दिवशी नळावर बाया मला बघून गप्प झाल्या.

मी शेडमध्ये जाऊन तार बघितली. तुटली होती ती बरोबर चक्रीवर वळते त्या जागी. सातांपैकी पाच काड्यांची टोकं आतून गंजलेली, म्हणजे त्या आधीच एक एक करून गेल्या होत्या. शेवटच्या दोनच ताज्या, चकचकीत तुटलेल्या. रोजच्या वाकवण्यानं मेली होती ती. ते टोक कापून मी बाबांच्या पुढे ठेवलं. त्यांनी ते उजेडात धरून फिरवून बघितलं, बोटानं काड्या मोजल्यासारख्या केल्या. मग खिशात घातलं आणि म्हणाले, "चहा दे."

मी तरी गप्प बसावं की नाही? नाही बसले. बसनं शहरात गेले, इतवारीतल्या दुकानांत फिरले आणि बारीक काड्यांची, बोटाला गुंडाळता येईल अशी मऊ तार घेऊन आले. टेबलावर ठेवली. म्हटलं, "बाबा, एवढीच बदलायची आहे. बाकी सगळं बरोबर आहे."  रविवारी सकाळी बाबा पाना घेऊन शेडमध्ये गेले. मी आनंदानं मागोमाग गेले. त्यांनी कैची सोडवली, चक्री काढली, रहाट काढला, आणि खांबाच्या नव्या कडक तारेचा पुढचा ताण पहिल्यासारखा पुढच्या टोकाला बोल्टानं आवळून टाकला. 

"बाबा, मग पुन्हा तीन माणसं लागतील."

"लागू दे."

एवढंच. बोट पुन्हा तिघांची झाली. मी आणलेली तार आईनं बैठकीच्या पडद्याला लावली, ती मात्र छान सरकायची.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. दादा नोकरीला पुण्याला गेला. कोराडीत तीन माणसं काही जमली नाहीत. माहेरी गेले की मी शेडपर्यंत जाऊन यायचे. बोटीवर राखेचा थर, इतका की बोटानं नाव लिहावं. बाबा निवृत्त झाले, महालात भाड्यानं घर घेतलं, आणि बोट तिथेच राहिली. पुढे तिचं काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही. दादाचा अजून फोन येतो. थंडीत खांदा दुखला की म्हणतो, "शोभे, आज तुही आठवण आली वं!" आणि खदाखदा हसतो. मीही हसते. भावाशी या वयात काय भांडायचं? पण फोन ठेवल्यावर हातातलं काम काही सुधरत नाही.

खरं तर या वाऱ्याचा राग मला उशिरा आला. आधी नुसतं वाईट वाटायचं. राग आला तो ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात, आणि त्या दिवशी वारा म्हणावा तर नुसती लू होती.

मी, हे आणि आमची लेक, महालात बाबांकडे गेलो होतो. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आत कूलर घरघरत होता, खसाचा ओला वास आणि आमरसाची जेवणं झालेली. बाबा आरामखुर्चीत. हे सहज म्हणाले, "बाबा, तुमच्या त्या बोटीचं शोभा फार सांगते. काहीतरी कैची केली होती म्हणे तिनं, ती पडली."

बाबा सरसावून बसले. चेहरा उजळला. "पडली? अहो जावईबापू, एक नंबर काम होतं ते! मी मुंबईच्या गोदीत काढली वर्षं, पण असं डोकं पाहिलं नाही. रचना एकदम बरोबर होती पोरीची. तार माही चुकली. कडक तार, वळणावर मोडली. हिनं आधीच सांगतलं होतं मले." आणि माझ्याकडे बघून अशा कौतुकानं हसले की माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी! मी आमरसाच्या वाट्या उचलत होते, तशीच खाली बसले.

ह्यांनी विचारलं, "मग तार बदलायची होती. सगळंच काहून काढून टाकलं?"

बाबा हसतच होते. "बदलली असती तर ही गेली असती ना एकटी! मऊ तार आणून बी ठेवली होती हिनं टेबलावर. म्हटलं, हे तर खरंच चालन आता. लग्नाची पोरगी, उद्या तळ्यात एकटी फिरून राहिली तर हिच्याशी लग्न कोण करन? मग काढूनच टाकलं."

हे हसले. आई हसली. लेकीला काही कळलं नाही, पण सगळे हसताहेत म्हणून तीही हसली.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही शब्द दिला होता."

"अवं, जेवताना दिलेला शब्द तो," बाबा म्हणाले. "त्याचं काय एवढं?" त्यांच्या आवाजात जरासुद्धा वाईटपणा नव्हता. त्यांना मनापासून वाटत होतं की आज आपण लेकीचं कौतुक केलं.

तोपर्यंत मी काय धरून चालले होते? की बाबांना माझं काम कळलंच नाही. खांब-तारांत आयुष्य गेलेला माणूस, नसेल कळलं, दवाखान्यातल्या मुलाकडे बघून घाबरला असेल; बापाचं मन आहे, होतं असं. एवढ्यावर मी त्यांना मनातल्या मनात केव्हाच माफ करून टाकलं होतं, संसाराच्या गडबडीत, त्यांना न सांगता. आणि त्यांना तर सगळं कळलं होतं. मी उठले, वाट्या मोरीत नेऊन ठेवल्या, नळ सोडला, आणि दिलेली माफी परत घेतली.